आईचा गुडघा आणि डुकरांचं रान

सोमवार, २२ सप्टेंबर २०२५
दुपारी १ वाजून १० मिनिटं. डुकरं मारत होतो.

लेव्हल ३१. आठवडाभर तिथंच अडकलोय. रानाच्या कोपऱ्यातल्या चिंचेखाली उभं राहिलं की डुकरं दोन-दोनच येतात, घेरत नाहीत. माणूस मरत नाही. मेलं की एक्सपी, म्हणजे कमावलेले गुण, कापतात, ते मला सोसत नाही.

आई खाटेवरून म्हणाली, "वैजू, मघापास्नं काय करतो रं?"
"डुकरं मारतोय."
"कोनाची?"
कोणाचीच नाहीत म्हटलं, खेळातली.
"मग मारतो कशाला?"
म्हटलं, लेव्हल वाढते. लेव्हल वाढली की काय हुतं? — मोठी डुकरं मारता येतात! आई हसली. पायाचं प्लास्टर काढल्यापासून पहिल्यांदाच हसली, म्हणून लिहून ठेवतो.

हसण्यासारखं बाकी काही नाही. शनिवारी शेवगावला डॉक्टरांनी गुडघा मोजला. पन्नास अंश वाकतो. नव्वद पाहिजे. रोज खाटेच्या कडेला बसून टाच मागं ओढायची, दिवसातून तीनदा, वीस-वीस वेळा. दर पंधरा दिवसांनी मोजणार, शेवटचं ३ नोव्हेंबरला. तोपर्यंत नव्वद झाला नाही तर गुंगी देऊन जोर लावून वाकवावा लागेल म्हणाले. आईनं घरी येऊन चारदा वाकवला आणि पांघरूण ओढून घेतलं. "लई दुखतं रं. राहू दे तसाच."

तसाच कसा राहील? दिवाळी झाली की हंगाम. आण्णा आणि आई दर वर्षी श्रीगोंद्याला जातात, साखर कारखान्याच्या यार्डात चहाची टपरी लावतात, गुढीपाडव्याला परत येतात. मी पाचवीत होतो तेव्हापासून. आण्णा रंगकाम मिळालं म्हणून आधीच तिकडं गेलेत. टपरीत सगळं उकिडवं बसून करावं लागतं. गुडघा वाकला तर आई जाणार. नाही वाकला तर इथंच राहणार.

इथं राहिली तर — नको, हे लिहू नये.

बुधवार, २४ सप्टेंबर
गिल्डमध्ये, म्हणजे खेळातल्या आमच्या टोळीत, ओमचा मेसेज. ओम आमचा म्होरक्या, श्रीगोंद्याचा, आयटीआय करतो. कधी भेटलेलो नाही. लिहिलंय — १ नोव्हेंबरला सातव्या गडाचं दार उघडणार, लेव्हल ४० च्या खालचा आत जाणार नाही. पुढं लिहिलंय, "आपल्याकडं जखमा भरणारा एकच हाय अन् तो डुकरांत बसलाय." त्याखाली सगळ्यांची हसणारी तोंडं.

तो एक म्हणजे मी. हीलर. मारायला कच्चा, दुसऱ्याला जगवायला पक्का. म्हणून तर माझी लेव्हल एवढी हळू चढते.

नंतर त्यानं मला एकट्याला लिहिलं. चांगला पोरगा आहे. म्हणाला, नुसतं डुकरं मारून चाळीस गाठायला तुला संक्रांत होईल. क्वेस्ट कर, म्हणजे खेळातल्या कोणाचं तरी काम, एका क्वेस्टला शंभर डुकरांएवढा एक्सपी मिळतो. पण नुसत्या क्वेस्टवर पळालास तर अंगात ताकद नसताना पुढच्या मुलखात जाशील आणि पहिल्याच लांडग्यापुढं मरशील. दोन्ही लागतं. थोडं रान, थोडं काम.

मला कळतं ते. पण क्वेस्ट म्हणजे कोणीतरी भेटणार, काहीतरी विचारणार. हो की नाही? डावीकडं की उजवीकडं? चुकलं तर सगळं गेलं. बारावीला इंग्रजीचा पेपर हातात आला तेव्हा असंच झालं होतं. येत होतं त्यातलंही लिहिलं नाही. परत बसलोच नाही. डुक्कर काही विचारत नाही.

गिल्डवाले माईकवर बोलतात. मी तीन महिन्यांत एकदाही माईक चालू केलेला नाही. नुसतं लिहितो.

शुक्रवार, २६ सप्टेंबर
आज एक युक्ती निघाली — माझी नाही, आईची.

व्यायाम कर म्हणून मी मागं लागलो होतो. एक डोळा मोबाईलवर होताच. आई चिडली. "तू खाटल्यावर बसून डुकरं मारनार अन् मी एकटीनं बोंबलायचं व्हय? चल. तुझं एक डुक्कर, माझा एकदा पाय. बघू कोन आधी दमतं!"

वीस डुकरं, वीसदा पाय! मधे मी मुद्दाम हळू मारायला लागलो तर ओरडली, "मार की लवकर, टाच मागं धरून बसलीय मी!"

शेवटी मी दमलो. खरंच. अंगठा दुखायला लागला.

रविवार, २८ सप्टेंबर
पावसानं केंद्राचा रस्ता पार गेला. दुधाचा टेम्पो रुतला, सगळ्यांनी ढकलला. मी दूध केंद्रावर आहे, सकाळ-संध्याकाळ. फॅट बघायचं, पावती द्यायची. मालक कल्याणभाऊ. तिथं मोबाईल न्यायची बंदी आहे आणि कारण मीच. जूनमध्ये खेळाच्या नादात कॅन उतू गेला होता. मोबाईल घरी आईपाशी असतो. तिचा बटणाचा मोबाईल तिच्यासोबतच ओट्याच्या पायरीवरून पडला आणि फुटला, त्यामुळं आण्णांचा फोन माझ्याच मोबाईलवर येतो.

दुपारी वीस डुकरं झाल्यावर आई म्हणाली, आता पुढं काय? म्हटलं, काही नाही, परत डुकरं. "दुसरं काय न्हाईच का या खेळात?" मग एक क्वेस्ट उघडली, घाबरतच. विहिरीवर एक म्हातारी बसलेली असते. मी नेहमीसारखं 'पुढे', 'पुढे' दाबत चाललो तर आईनं हात धरला.
"बाई बोलतीय ना ती? वाच की."

वाचलं. म्हातारीचं लेकीला द्यायचं पैंजण विहिरीच्या तळाशी पडलंय, खाली नाग आहे. आई लगेच — "अन् तिची सून कुठं गेली? तिला न्हाई सांगता येत?" म्हटलं, आई, सुनेचं काही लिहिलेलं नाही. "लिहितील कशाला! असंल घरात पाय पसरून."

उतरलो. नाग निघाला. मेलो नाही! पैंजण दिलं, आणि पाऊण लेव्हल एका दमात. एवढ्यासाठी माझे चार दिवस जातात.

आई म्हणाली, उद्या बी एक वाचायची. आधी डुकरं, मग गोष्ट.

गुरुवार, २ ऑक्टोबर
दसरा. शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकानं मोजलं — ६३ अंश. लेव्हल ३४. आपट्याची पानं द्यायला शेजारच्या लंकाबाईच्या ओट्यापर्यंत चल म्हटलं, आई आली नाही. उंबऱ्यापाशी थांबली, पायरीकडं बघितलं, मागं फिरली. पडली ती याच पायरीवरून.

रविवार, ५ ऑक्टोबर
आजचं सगळं सविस्तर लिहायचंय.

खेळात तिसऱ्या गावाला बाजारतळ आहे. तिथं एक व्यापारी बसायला जनावर विकतो. काळा रेडा! रेडा असला की चालायचा वेळ अर्धा होतो, म्हणजे एका दुपारी दोन क्वेस्ट बसतात. किंमत ९०० नाणी. माझ्याकडं नाण्यांचा खडखडाट. मी हिशेब लावला, डुकरांमागं एवढं मिळतं, म्हणजे बारा-पंधरा दिवस नुसती डुकरं. आईला सांगितलं. आधी तर रेडा बघून हसत सुटली, "यमाचाच हाय की! घे, बस त्याच्यावर, मला बी दवाखान्यात ने!" मग एकदम गंभीर. "नऊशे त्यानं सांगितले ना?"
"हो."
"तू काय म्हनला?"
"काही नाही. 'घेतो' आणि 'नको' एवढंच म्हणता येतं."
"मग 'नको' म्हन. पहिल्या बोलीला जनावर घेत्यात का कुठं?"

आईचं माहेर घोडेगाव. तिचे वडील शुक्रवारच्या बाजारात म्हशींचे सौदे करायचे, टॉवेलखाली हात घालून, बोटं दाबून. बाजूला उभ्या माणसालासुद्धा भाव कळत नसे. आई लहानपणी त्यांच्याबरोबर जायची. म्हणाली, बोटं नंतर. आधी पाठ दाखवायची.

'नको' दाबलं. काहीच झालं नाही.
"आता चालायला लाग. मागं बघू नको."
"आई, हा खेळ आहे. त्यात असं नसतं."
"चाल म्हनते ना."

चाललो. वड गेला. पाणपोई गेली. वेस आली. मला घाम फुटला होता, उगाच! वेशीबाहेर पाय टाकणार एवढ्यात पडद्यावर अक्षरं — "अहो पाहुणे, थांबा! सातशे द्या."
आई खाटेवर टुणकन बसली. गुडघ्याचं विसरली. "नको म्हन! चाल!"
दुसऱ्यांदा पाचशे. तिसऱ्यांदा चारशे आणि "याच्या खाली माझ्या पोरांच्या पोटावर पाय." आई म्हणाली, आता खरं बोलला, घे. चारशेसुद्धा नव्हते. ओमकडून चारशे नाणी उसनी घेतली आणि रेडा माझा!

गिल्डमध्ये गोंधळ. सगळ्यांनी नऊशे मोजलेले. ओमनं विचारलं, तुला कुठं सापडलं हे? मी लिहिलं — घोडेगावच्या बाजारात. त्याला वाटलं, असं काही गाव आहे खेळात. शोधतोय अजून!

सोमवार, ६ ऑक्टोबर
शेवगाव. ७० अंश. डॉक्टर आईला म्हणाले, "घरी काय करता?" आई म्हणाली, "डुकरं मारते." डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर
काहीतरी गडबड आहे. सकाळी केंद्रावर जाण्याआधी एक्सपी बघून गेलो होतो. आल्यावर बघतो तर जास्त. जास्त! आधी वाटलं, मीच चुकीचं वाचलं. संध्याकाळी कागदावर लिहून गेलो. परत जास्त.

माझ्या खात्यात कोणीतरी शिरतंय.

शनिवार, ११ ऑक्टोबर
तीन दिवस झाले, चालूच आहे. जीव थाऱ्यावर नाही. नाणी तशीच आहेत. रेडा तसाच. काही गेलेलं नाही. फक्त मी नसताना माझा माणूस चिंचेखाली उभा राहून डुकरं मारतो. असला कसला चोर, जो माझंच काम करून जातो? ओमला विचारलं. तो म्हणाला, आधी असाच विश्वास बसवतात, मग एक दिवस सगळं नेतात. पासवर्ड बदल, मोबाईलला लॉक लाव.

दोन्ही केलं. लॉक असं लावलंय की माझ्याशिवाय कोणाला उघडायचं नाही. आण्णांचा फोन मात्र लॉकशिवाय उचलता येतो, ते आधी तपासून घेतलं.

रविवार, १२ ऑक्टोबर
एक्सपी तेवढाच. पकडला! म्हणजे, पळाला. आज शांत वाटतंय.

मंगळवार, १४ ऑक्टोबर
आईला काय झालंय कळत नाही. दुपारी डुकरं काढली तर म्हणाली, "तुझा खेळ तू खेळ. मी पडते." भिंतीकडं तोंड करून पडली. गोष्टसुद्धा नको म्हणाली. कालही तसंच.

ताप नाही, बघितला.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर
आज मी आईवर ओरडलो. अंगात आळस भरलाय, तुला चालायचंच नाही, असं काहीबाही. ती म्हणाली, "व्हय बाबा." एवढंच. त्यापेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं.

लेव्हल ३७. एकट्यानं क्वेस्ट केली, दोनदा मेलो. काय सांगत होता तो धनगर, वाचलंच नाही नीट. वाचून दाखवायला कोणी नसलं की 'पुढे' दाबलं जातं.

सोमवार, २० ऑक्टोबर
शेवगाव. ६९ अंश. पुढं नाही, मागं! डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर तीन तारखेला भरती व्हायच्या तयारीनं या.

 

मंगळवार, २१ ऑक्टोबर
लक्ष्मीपूजन. आण्णा आले. पणत्या मी लावल्या, आईनं खाटेवरून कुठं लावायच्या ते सांगितलं. आण्णा म्हणाले, "न्हाई वाकला तर न्हाई. मी लावीन एकटा टपरी. बिस्किटं इकीन नुसती." आई म्हणाली, "चहा आटवायचं तुमाला जमतंय व्हय?" आणि भिंतीकडं तोंड केलं.

मला एक क्षण बरं वाटलं होतं. आई राहणार म्हणून. सहा महिने रिकाम्या घरात कुलूप काढून आत यायचं, चूल थंड, ते या वर्षी नाही. मग तिच्या पाठीकडं बघितलं आणि माझीच मला लाज वाटली.

बुधवार, २२ ऑक्टोबर


लंकाबाई फराळाचं ताट घेऊन आली. ओट्यावर मला गाठून हळूच म्हणाली, "का रं वैजू, आईला मोबाईल का बंद केला?"
"कुठं बंद केलाय?"
"तू दुधावर गेला की माझ्यासमोर खेळायची की ती! एक डुक्कर, एक पाय. सकाळी बी, संध्याकाळी बी. मी म्हनायचे, केशर, येडी झाली का? तर म्हनायची, पोराचं तेवढंच काम हलकं हुईल, त्याला कुठल्या तारखेला कुठं जायचंय. अन् मग तू कुलूप घातलं त्याला. ती म्हनली, त्याला आवडलं न्हाई माझं हात लावलेलं. तू बोलू नको त्याला म्हनली. मी कुठं बोलतीय!"

चोर!

चिंचेखालीच उभी राहायची, कारण मी तिथंच उभा राहतो. नाण्यांना हात लावला नाही. दिवसातून तीनदा व्यायाम सांगितला होता, मी एकदाच करून घेत होतो. उरलेले दोन ती माझ्या डुकरांवर करत होती. आणि मी पकडला म्हणून खूश!

गुरुवार, २३ ऑक्टोबर
 आज सकाळी केंद्रावर जाताना लॉक काढलं, खेळ उघडला, चिंचेखाली माणूस उभा केला आणि मोबाईल आईच्या हातात दिला. म्हटलं, मी येईपर्यंत बसायचं नाही गप.
आई म्हणाली, "तुझं काय गेलं न् माझ्या हातनं?"
"काही नाही गेलं. वाढलंच."
"मग कुलूप का घातलं?"
खरं सांगितलं. चोर वाटला म्हणून.  आई हसायला लागली ते थांबेचना. "चोर! मी चोर! अवं ऐकलं का?" — आण्णांना उठवलं. आण्णांना काही कळलं नाही पण तेही हसले.

आठ वाजता परत आलो तर ओरडली, "चाळीस डुकरं झाली! अन् एक मोठं आल्तं सुळेवालं, त्याला पळवून लावलं!"
पळवून लावता येत नाही या खेळात. बहुतेक तीच पळाली. विचारलं नाही.

रविवार, २६ ऑक्टोबर
आण्णा परवा गेले. ७८ अंश. लेव्हल ३९.

सकाळ आणि संध्याकाळ रान तिचं, दुपारी क्वेस्ट दोघांची. आता मी वाचतो आणि ठरवते ती. नदीवरच्या नावाड्याला आधी भाडं दे म्हणाली, मग बस. मी उलटं करत होतो. तुरुंगातल्या शिपायाला खोटं बोलू नको म्हणाली, "त्याची बी नोकरी हाय." तीन दिवसांत एकदाही मेलो नाही. मला वाटायचं, प्रश्नाचं एकच उत्तर बरोबर असतं आणि ते आपल्याला येत नाही. आई उत्तर शोधतच नाही. समोर माणूस कसा आहे ते बघते.

गुरुवार, ३० ऑक्टोबर
लेव्हल ४०!! दुपारी पावणेतीनला. आईनं साखर ठेवली हातावर.

आणि लगेच दगड पडला डोक्यात. शनिवारी दार किती वाजता उघडणार ते आज बघितलं. संध्याकाळी सहा. ऐन दुधाच्या वेळेला! एवढं सगळं तपासतो मी आणि हेच बघितलं नव्हतं.

कल्याणभाऊंना एका संध्याकाळची सुट्टी मागितली. म्हणाले, "कशाला?" म्हटलं, दार उघडणार आहे. "कुठलं दार?" सांगितलं. डोकं खाजवून म्हणाले, "वैजनाथ, दार उद्या बी उघडंच राहील. म्हशी थांबत्यात का?"

ओमला अजून कळवलं नाही. वीस जण थांबलेत माझ्यासाठी.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर
आईला सांगितलं. म्हणाली, "मग मी हाय की."
म्हटलं, आई, ही डुकरं नाहीत. वीस माणसं लढणार, त्यांना जगवायचंय.
"कसं जगवायचं ते दाखव."
दाखवलं. प्रत्येकाच्या नावापुढं लाल रेघ असते. ज्याची रेघ कमी होईल त्याच्या नावावर बोट, मग हिरवं बटण. एकाच वेळी चौघांची कमी झाली तर जो सगळ्यांत पुढं उभा आहे तो आधी.
आईनं एकेका नावावरनं बोट फिरवलं. "म्हंजी पंगत हाय. ज्याचं पान रिकामं त्याला वाढायचं." मग म्हणाली, "वैजू, पहाटे यार्डात चाळीस ड्रायव्हर एकदम येत्यात टपरीवर. कुनाला मिळाला, कुनाला न्हाई, कोन रागावून जाईल, ते मी न बघता सांगते. विसाचं काय कौतुक?"

ओमला लिहिलं — उद्या माझ्या जागी दुसरं कोणी असेल, पण हीलर हजर राहील. ओमनं विचारलं, भरवशाचा आहे का? लिहिलं, माझ्यापेक्षा.

शनिवार, १ नोव्हेंबर
रात्रीचे नऊ. जेवण झालं. आता लिहितो.

केंद्रावर हात चालत होता, लक्ष नव्हतं. दोन पावत्यांवर फॅट चुकीचं लिहिलं, परत फाडल्या. सहा वाजले. सव्वासहा. साडेसहा. कल्याणभाऊ म्हणाले, "उघडलं का रं तुझं दार?" मला काय माहीत! मोबाईल घरी.

सात वाजून गेले असतील. टेम्पोत कॅन चढवत होतो. कल्याणभाऊ म्हणाले, "वैजनाथ, ती तुझी आई का?"

रस्त्यानं काठी टेकत येत होती. एकटी. मागं दहा पावलांवर लंकाबाई बॅटरी धरून, "अगं हळू, अगं हळू" करत. घरापासून केंद्र म्हणजे मारुतीचं देऊळ, मग चढ, मग ओढ्याचा पूल. उंबरा ओलांडायची नाही ती बाई! मोबाईल पदराला गाठ मारून बांधलेला.

मी कॅन खाली ठेवला. पळालो. म्हटलं, आई, काय झालं?
ती धापा टाकत होती. "उघडलं," म्हणाली. "दार उघडलं. एक बी मेला न्हाई."
"फोन करायचा की केंद्रावर!"
"नंबर कुठं हाय मला? अन् सांगायचं तर लगेच सांगायचं का तू येईस्तोवर वाट बघायची?"
"पायरी?"
आईनं मागं वळून रस्त्याकडं बघितलं. जणू पायरी आत्ता आठवली. "उतरले वाटतं," म्हणाली.

कल्याणभाऊंनी खुर्ची दिली, चहा सांगितला. आईनं एक घोट घेतला आणि म्हणाली, आलं कमी हाय.

घरी येऊन गिल्ड उघडली. मेसेजच मेसेज. आईच्या बोटानं माईक चालू झाला होता, तिला माहीतच नाही. सगळ्यांनी सगळं ऐकलं. "ओम, मुडद्या, मागं सर, तुझं पान रिकामं झालं!" "ए निळ्या टोपीवाल्या, तुला आत्ताच वाढलं ना? थांब जरा!" ओमनं लिहिलंय, हसून हसून तलवार चालवता येईना. आणि शेवटी — "मावशींना नमस्कार सांग. अन् तू कधी बोलनार रं आमच्याशी?"

मी माईक चालू केला. चार महिन्यांत पहिल्यांदा. म्हटलं, "मी वैजनाथ." एवढंच. पण तिकडून सगळे एकदम ओरडले.

सोमवार, ३ नोव्हेंबर
शेवगाव. डॉक्टरांनी मोजलं. परत मोजलं. नव्वद. बरोबर नव्वद. "हंगामाला जा," म्हणाले, "पण डुकरं सोडू नका."

आई दवाखान्याच्या पायऱ्या माझा हात न धरता उतरली. मी हात पुढं केला होता. तो तसाच खिशात घातला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
आण्णा काल आईला न्यायला आले होते, सकाळी साडेआठच्या गाडीनं दोघं गेले. चूल थंड आहे. खिडकीशी बसून आई हात हलवत नव्हती, मोबाईल सुरू करत होती.

खर्च: आईसाठी जुना मोबाईल २,८००. रिचार्ज १९९. तिकिटं श्रीगोंद्यापर्यंत, आईचं अर्धं धरून, ३१५.
आईचा खेळातला नवा माणूस: फुकट. नाव केशर. लेव्हल १.
देणं: ओमची चारशे नाणी. आणि केशरला वीस डुकरं, उद्या पहाटेची. चिंचेखाली.